पहाटे उडणारा फीडर, गुलाबी सिलिका जेल आणि ‘नॅनो’ कोटिंग

प्रश्न थोडक्यात असा आहे. तासगाव तालुक्यात बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज, ११ केव्हीचं स्वतःचं कनेक्शन, ५०० केव्हीएचा जुना ट्रान्सफॉर्मर, आणि वाऱ्याच्या दिशेला साखर कारखाना. दोन हंगाम झाले, डिसेंबर-जानेवारीत पहाटे फीडर, म्हणजे पुरवठ्याची लाईन, उडतो. एकदा बुशिंग (ट्रान्सफॉर्मरच्या टाकीतून तार बाहेर काढणारा चिनीमातीचा रोधक) तडकलं, वळवाच्या पावसात एलए (विजेचा लोंढा जमिनीत उतरवणारा लाइटनिंग अरेस्टर) फुटला. आता एक विक्रेता तीन गोष्टी सुचवतोय: सगळ्या इन्सुलेटरवर ‘नॅनो’ कोटिंग, ट्रान्सफॉर्मरमध्ये वनस्पतिजन्य एस्टर तेल आणि बुशिंगवर रबरी टोप्या. यातलं काय खरं आणि काय नुसतं विकायला काढलेलं?

आधी उत्तर सांगतो, कारणं नंतर. एस्टर तेल तुमच्या ट्रान्सफॉर्मरला नको. कोटिंग चालेल, पण ‘नॅनो’ शब्द बाजूला ठेवून चाचणीचा अहवाल मागा. टोप्या जरूर बसवा. आणि या तिन्हींच्या आधी ब्रीदर (ट्रान्सफॉर्मरमध्ये जाणारी हवा कोरडी करणारी डबी) आणि एलएची अर्थिंग वायर बघा, कारण तुमच्या वर्णनावरून मला खरा संशय तिथेच येतोय.

११ केव्हीला चांगली चिनीमाती, कोरडा कागद आणि स्वच्छ तेल सहसा नुसत्या दाबाने जात नाहीत. कोरड्या हवेलासुद्धा फुटायला मिलिमीटरमागे साधारण ३ केव्ही लागतात, मग घन पदार्थांची गोष्टच वेगळी. विद्युतरोधन मरतं ते बहुतेक वेळा पाण्याने. कधी वरून दव होऊन, कधी आतून ओल होऊन, कधी सीलच्या फटीतून. गेल्या शंभर वर्षांत या क्षेत्रात जे शोध खरोखर टिकले त्यातले बरेचसे या ना त्या रूपाने पाण्याला आवरण्यासाठीच होते. म्हणून कोणी काही नवीन दाखवलं की मी एकच विचारतो: हे पाण्याचं काय करणार?

तुमचा पहाटेचा प्रश्न घ्या. पाऊस धो-धो पडतो तेव्हा फीडर उडत नाही आणि थंडीत आभाळ निरभ्र असताना उडतो, याचं मालकांना फार नवल वाटतं. पण धो-धो पाऊस इन्सुलेटर धुऊन काढतो. गळीत हंगाम नोव्हेंबरपासून सुरू होतो आणि बगॅस जाळलेल्या बॉयलरची काजळी कारखान्याच्या पट्ट्यात अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांवर पडते, तशीच ती इन्सुलेटरवरही बसते. त्या राखेत पोटॅशियमचे क्षार असतात. कोरडी असेपर्यंत ती निरुपद्रवी. पहाटे चार ते सातच्या दरम्यान दव पडलं की क्षार विरघळतात आणि पृष्ठभागावर वाहक थर तयार होतो. त्यातून गळती प्रवाह वाहतो, त्याच्या उष्णतेने थराचा एखादा पट्टा आधी वाळतो, आणि मग जवळजवळ सगळं व्होल्टेज त्या अरुंद कोरड्या पट्ट्यावर येऊन पडतं. तिथे ठिणगी. अशा ठिणग्या एकमेकींना भेटल्या की टोकापासून टोकापर्यंत फ्लॅशओव्हर. ऊन वर आलं की सगळं कोरडं, लाईनमन येऊन बघतो तर काहीच सापडत नाही आणि फीडर पुन्हा उभा राहतो. तुमच्या तक्रारीची वेळ पाहता दुसरं काही असण्याची शक्यता मला कमी वाटते.

यावरचा सगळ्यात जुना उपाय म्हणजे प्रवाहाची वाट लांबवणे. इन्सुलेटरच्या पृष्ठभागावरून, घडीघडीतून वरून खाली जाणारं अंतर म्हणजे क्रीपेज. प्रदूषणानुसार ठरवलेली जुनी, सोपी मापं आहेत: कमाल सिस्टीम व्होल्टेजच्या दर केव्हीमागे हलक्या प्रदूषणाला १६ मिमी, मध्यमला २०, जास्तला २५ आणि अतिप्रदूषणाला ३१. तुमचं सिस्टीम ११ केव्हीचं, कमाल १२. म्हणजे २५ च्या हिशोबाने ३०० मिमी आणि ३१ च्या हिशोबाने ३७२ मिमी हवं. आता एखादा काढून ठेवलेला जुना पिन इन्सुलेटर घ्या, दोरा घडीच्या आत-बाहेर चिकटवत वरपासून खालपर्यंत न्या, दोरा सरळ करून मोजा. जुने बरेचदा सव्वादोनशे-अडीचशेच्या घरात भरतात. कारखान्याच्या वाऱ्यात ते पुरणार नाहीत. हे मोजमाप फुकट आहे आणि विक्रेत्याशी बोलण्याआधी हातात असलेलं बरं.

वाट लांबवण्याची युक्ती मुळात मोठ्या लाईनींसाठी निघाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पिन इन्सुलेटर ६०-७० केव्हीच्या पुढे इतका मोठा आणि जड होऊ लागला की बनवणं आणि खांबावर उभा करणं दोन्ही अवघड झालं. १९०७ साली अमेरिकेत एडवर्ड ह्युलेट आणि हॅरल्ड बक यांनी तबकड्यांची माळ लटकवायची कल्पना मांडली. व्होल्टेज वाढलं की तबकडी वाढवा. कोयनेहून निघालेल्या टॉवर लाईनींवर आज माळाच दिसतात, त्याचं मूळ तिथे आहे.

पण वाट लांबवली तरी दव पडायचं थांबत नाही. खरी उडी मारली ती सिलिकॉन रबराने. चिनीमातीवर पाणी पसरतं, त्याचा सलग थर होतो. सिलिकॉनवर पाण्याचे सुटे थेंब राहतात, आणि सुट्या थेंबांमधून प्रवाहाला वाट सापडत नाही. याहून नवलाचा गुण पुढे आहे. सिलिकॉनच्या आतले हलके, छोटे रेणू हळूहळू पृष्ठभागावर येतात आणि वर बसलेल्या राखेच्या थरातही शिरतात. म्हणजे काही काळाने ती राखसुद्धा पाणी झटकू लागते. दुसऱ्या कुठल्या पॉलिमरला हे इतकं चांगलं जमत नाही. सुरुवातीच्या पिढीतले इपॉक्सीचे आणि इतर रबरांचे इन्सुलेटर उघड्यावर काही वर्षांत खडबडीत होऊन पाणी धरू लागले, त्यामुळे पॉलिमरचं नाव बरीच वर्षं खराब होतं. ते सिलिकॉनने सुधारलं.

तुमचं ‘नॅनो’ कोटिंग जर मूळचं आरटीव्ही सिलिकॉन असेल, म्हणजे खोलीच्या तापमानाला सुकून रबर होणारं, तर तंत्र जुनं आणि पारखलेलं आहे. किनाऱ्यावरच्या आणि कारखान्यांशेजारच्या उपकेंद्रांत ते चालतं. विक्रेत्याकडे दोन गोष्टी मागा. एक, ट्रॅकिंग आणि इरोजन चाचणीचा (ठिणग्यांनी पृष्ठभागावर जळकी वाट पडते का, तो झिजतो का हे बघणाऱ्या चाचणीचा) अहवाल. त्या मालाचा वर्ग ‘१ए ४.५’ असला तर बोलणं पुढे न्या. दोन, राखेच्या पट्ट्यात निदान तीन हंगाम काढलेल्या जागेचा पत्ता, जिथे तुम्ही स्वतः जाऊन बघू शकता. दोन्हींवर टाळाटाळ झाली तर विषय संपला. आणि काम करताना आधी चिनीमाती धुऊन, पुसून, पूर्ण वाळवून मगच कोटिंग मारायचं. राखेवर मारलेलं कोटिंग पापुद्र्यासारखं सुटतं आणि त्या पापुद्र्याखाली पाणी साचतं, म्हणजे रोग दुप्पट.

तुमच्याकडे मोजून दहा-पंधरा इन्सुलेटर असतील. एवढ्यासाठी मी कोटिंगपेक्षा जास्त क्रीपेजचे सिलिकॉन रबरी इन्सुलेटरच घालीन. त्यांचं दुखणंही सांगून ठेवतो: आतला दांडा काचतंतूंचा असतो आणि रबर आणि लोखंडी टोपीच्या सांध्यातून पाणी आत गेलं तर दांडा अचानक मोडू शकतो. म्हणून बसवताना रबराला चिरा पाडू नका, रबराला धरून उचलू नका, तारेच्या ब्रशने घासू नका, आणि गोदामात पडून असतील तर उंदरांनी कुरतडलेत का ते बघा. बेदाण्याच्या गोदामात हे वेगळं सांगायला नको.

आता ट्रान्सफॉर्मर. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

ट्रान्सफॉर्मर श्वास घेतो. तेल तापलं की फुगतं आणि वरच्या टाकीतली हवा बाहेर जाते. निवलं की बाहेरची हवा आत येते. खनिज तेल दर अंशाला साधारण ०.०००७५ पट फुगतं. समजा तेल ५०० लिटर आहे आणि कॉम्प्रेसर चालू-बंद होताना दिवसभरात तेलाचं तापमान ३० अंशांनी वर-खाली होतं. म्हणजे ५०० × ०.०००७५ × ३०, अकरा लिटरच्या आसपास हवा रोज आत-बाहेर. ऑगस्टमधल्या दमट हवेत एक घनमीटरमागे वीस-बावीस ग्रॅम पाणी असतं, तेव्हा अकरा लिटर हवेबरोबर रोज पाव ग्रॅमभर पाणी दारात येतं. चार महिन्यांत ३० ग्रॅम. ते सगळंच तेलात उतरतं असं नाही, पण ४४० किलो तेलाला ३० ग्रॅम म्हणजे ६८ पीपीएम (दहा लाख भागांत ६८ भाग), आणि २० अंशांना खनिज तेलात मुळात पन्नास-पंचावन्न पीपीएमहून जास्त पाणी विरघळतच नाही. उरलेलं कुठे जातं? कागदात. वाइंडिंगचा कागद तेलापेक्षा कितीतरी जास्त पाणी शोषतो. ट्रान्सफॉर्मरमधलं जवळजवळ सगळं पाणी कागदात असतं, तेलात फक्त दर्शनी भाग.

त्या अकरा लिटर हवेच्या वाटेत तुमचा ब्रीदर बसलेला असतो. निळी सिलिका जेल ओल पिऊन गुलाबी होते, हे वायरमनलाही माहीत असतं. (नवी नारिंगी जेल येते, ती हिरवट किंवा रंगहीन होते. निळीत कोबाल्टचा क्षार असतो, म्हणून ती मागे पडते आहे.) पण रंग कुठून बदलला ते फार थोडे बघतात. हवा खालून येते, तेव्हा जेल खालून गुलाबी व्हायला हवी. वरून गुलाबी होत असेल तर हवा ब्रीदरमधून येतच नाही. वरच्या पाइपाच्या जोडातून किंवा गॅस्केटमधून चोरून आत शिरते आहे. मग जेल कितीही बदला, उपयोग शून्य. दुसरी नेहमीची भानगड म्हणजे खालच्या वाटीत तेल नसणं, किंवा नवीन ब्रीदर बसवताना खालचं प्लॅस्टिकचं सील काढायचं राहून जाणं. सील राहिलं तर ट्रान्सफॉर्मर कोंडतो आणि दुसरीकडे कुठल्यातरी सांध्यातून हवा ओढतो. कुपवाड एमआयडीसीत एका कारखान्यात जेल दर पंधरा दिवसांनी बदलत होते आणि तरी तेल खराब येत होतं. ब्रीदरच्या वरच्या फ्लँजचा एक बोल्ट पिळलेला होता, बाकी काही नाही.

तेलाची बीडीव्ही (ब्रेकडाउन व्होल्टेज) चाचणी करून घ्या. दोन गोळ्यांमध्ये २.५ मिमी अंतर, आणि तेल किती केव्हीला फुटतं ते सहा वेळा बघून सरासरी काढायची. तुमच्या दर्जाच्या चालू ट्रान्सफॉर्मरला ४० च्या वर आलं तर निवांत राहा, ३० च्या खाली आलं तर काम काढा. मात्र नमुना नीट घेतला नाही तर आकडा खोटा येतो. खालच्या व्हॉल्व्हमधून घ्यायचा, आधीचं लिटरभर तेल वाहू द्यायचं, कोरड्या काचेच्या बाटलीत घ्यायचा, पावसात किंवा पहाटेच्या दवात घ्यायचा नाही. पाण्याची प्लॅस्टिकची बाटली तर अजिबात नको. तेलात कागदाचे बारीक तंतू असतात. भिजलेले तंतू विद्युतक्षेत्रात रांगेने उभे राहतात आणि दोन गोळ्यांमध्ये पूल बांधतात, म्हणून थोडं पाणीही आकडा धाडकन पाडतं.

आकडा कमी आला तर कंत्राटदार फिल्टर मशीन लावतो, दुसऱ्या दिवशी ६० केव्ही दाखवतो आणि बिल देतो. त्यात खोटं काही नाही, पण पाणी कागदात आहे. तेल कोरडं झालं की कागद आपलं पाणी पुन्हा तेलात सोडतो आणि दोन-तीन महिन्यांत आकडा घसरतो. म्हणून फिल्टरिंग गरम तेलावर आणि व्हॅक्यूमखाली, तेलाचे अनेक फेरे देऊन करून घ्या, आणि महिना-दोन महिन्यांनी पुन्हा बीडीव्ही करण्याची अट कामाच्या ऑर्डरमध्येच लिहा. कागदाचं आयुष्य एकदाच मिळतं. नव्या कागदाची पॉलिमरीकरणाची श्रेणी, म्हणजे त्याच्या रेणूंच्या साखळीची लांबी, हजाराच्या वर असते, २०० ला आली की कागद हातात चुरगळतो. उष्णता आणि पाणी दोघं मिळून तो खाली आणतात; जास्तीच्या दर सहा अंशांना झीज दुप्पट धरतात.

हा श्वासच बंद करायचे शोधही झाले आहेत. मोठ्या ट्रान्सफॉर्मरच्या टाकीत रबरी पिशवी असते, हवा पिशवीत येते आणि तेलाला शिवत नाही. छोटे ट्रान्सफॉर्मर पूर्ण सीलबंद, पन्हाळी भिंतींचे येतात. तेल फुगलं की भिंतीच थोड्या फुगतात. पुढे कधी नवीन घ्याल तेव्हा हाच प्रकार घ्या.

आणि इथेच एस्टरचं उत्तर आहे. वनस्पती तेलापासून, बरेचदा सोयाबीनपासून बनवलेलं हे तेल खरोखर गुणी आहे. त्याचा अग्निबिंदू ३०० अंशांच्या वर असतो. खनिज तेल त्याच्या खूप आधी पेट घेतं. खनिज तेलाच्या कितीतरी पट पाणी ते विरघळवून ठेवतं, त्यामुळे कागदाची ओल ओढून घेतं आणि कागद जास्त टिकतो. पण हवेतला ऑक्सिजन सतत मिळाला की ते घट्ट होत जातं. म्हणून ते सीलबंद ट्रान्सफॉर्मरचं तेल आहे. तुमचा ट्रान्सफॉर्मर जुना, श्वास घेणारा, गॅस्केट थकलेली. त्यात ते भरणं म्हणजे महाग तेल घट्ट करायला ठेवणं. (आणि सोयाबीन आपल्या शेतात पिकतं म्हणून घाण्याचं तेल ओतायचा विचार कोणी करू नये. मला हे विचारणारे भेटले आहेत.)

बुखहोल्झ रिलेबद्दलही तुम्ही जाता जाता विचारलंय. १९२१ मध्ये जर्मनीत माक्स बुखहोल्झ यांनी काढलेली युक्ती: आत दोष झाला की तेलातून वायू निघतो, तो टाकी आणि वरच्या टाकीच्या मधल्या पाइपात अडकवायचा आणि तरंगाने घंटी वाजवायची किंवा ब्रेकर पाडायचा. शंभर वर्षांनंतरही मोठ्या ट्रान्सफॉर्मरवर तीच आहे. १००० केव्हीए आणि त्यावरच्यांना असं वायू-संरक्षण नियमानेच लागतं. तुमच्या ५०० ला सक्ती नाही, आणि मी तरी तो पैसा आधी गॅस्केटवर घालीन.

एलए का फुटला? आत झिंक ऑक्साइडच्या चकत्या असतात. झिंक ऑक्साइडचे सूक्ष्म कण आणि त्यांच्या सीमांवर बिस्मथ ऑक्साइड. एकेक सीमा साधारण तीन व्होल्टपर्यंत अडवून धरते आणि त्यावर गेलं की मोकळी सोडते. जपानमध्ये १९६० च्या दशकाच्या शेवटी मात्सुशिता कंपनीत मिचिओ मात्सुओका यांनी हे काम केलं आणि त्याआधीचे सिलिकॉन कार्बाइड आणि ठिणगी-फटींचे अरेस्टर हळूहळू गेले. नव्यात फट नाही, पण चकत्यांना ओल चालत नाही. सील गेलं, आत दमट हवा शिरली की चकत्यांच्या कडेवरून प्रवाह वाहतो आणि एखाद्या वळवात तो फुटतो. म्हणजे वीज निमित्त होते, शत्रू पुन्हा पाणीच. सिलिकॉन रबर थेट चकत्यांवर ओतून बनवलेले, आत हवेची पोकळी नसलेले एलए मिळतात, तसे घ्या.

त्याहून महत्त्वाची जोडणी. ११ केव्हीच्या एलएवर वीज पडल्यावर साधारण ३० केव्ही उरतात. तुमच्या ट्रान्सफॉर्मरची आघात-क्षमता (विजेचा क्षणिक धक्का सोसायची मर्यादा) ७५ केव्ही. हिशोब छान दिसतो. पण प्रत्येक मीटर वायरला सुमारे एक मायक्रोहेन्री प्रेरकत्व असतं. प्रवाह मायक्रोसेकंदाला १० किलोअँपियरने चढला तर मीटरमागे १० केव्ही वाढतात. एलए दुहेरी खांबाच्या वर, त्याची अर्थिंग पट्टी पाच मीटर खाली जमिनीत, आणि ट्रान्सफॉर्मरची बॉडी वेगळ्या अर्थपिटला, अशी मांडणी आपल्याकडे सर्रास दिसते. तिथे ३० मध्ये ५० मिळून ८० होतात, खेरीज अर्थपिटच्या रोधावरचं वेगळंच. एलए आपलं काम करतो आणि वाइंडिंग तरी जातं. उपाय: एलए बुशिंगच्या शक्य तितका जवळ, आणि त्याचं खालचं टोक छोट्या वायरने थेट ट्रान्सफॉर्मरच्या टाकीला जोडा, अर्थपिटकडे जाणारी पट्टी त्याशिवाय असू द्या.

केबलचं टोक तेवढं बघा, कारण तुमचा पुरवठा शेवटचे काही मीटर एक्सएलपीई (पॉलिथिनचं इन्सुलेशन असलेल्या) केबलने येतो असं लिहिलंय. केबलच्या इन्सुलेशनवर काळा अर्धवाहक थर असतो. टोकाला तो सोलून संपवावा लागतो, आणि तो जिथे संपतो त्या कडेवर विद्युतक्षेत्राची गर्दी होते. बांधाला एका जागी बीळ पडलं की पाटाचं सगळं पाणी तिथूनच धाव घेतं, तसं. ही गर्दी पांगवायला स्ट्रेस कंट्रोल नळी बसवतात. ती नळी त्या कडेवर नीट चढायला हवी आणि थर काढताना चाकूची खाच खालच्या पांढऱ्या इन्सुलेशनला लागता कामा नये. जुने जॉइंटर काचेच्या तुकड्याने थर खरवडून मग पॉलिश पेपर मारायचे, ते उगाच नव्हे. खाचेत हवा राहते, हवेत आंशिक विसर्ग (बारीक ठिणग्या) होतो, आणि टोक दोन-तीन वर्षांनी जातं. तोवर जॉइंटर कुठे असतो कोण जाणे. केबलची कापलेली टोकं उघडी ठेवून पावसात टाकू नका. पाणी तारांच्या पेडांमधून आत लांबवर जातं आणि वर्षानुवर्षं इन्सुलेशनमध्ये पाण्याची सूक्ष्म झाडं (फांद्या फुटल्यासारखे ओले माग) वाढत राहतात. २०१९ च्या महापुरात, कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेली तेव्हा, सांगलीत बुडालेल्या केबल टोकांना नुसतं मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या यंत्राचं रीडिंग) बरं आलं म्हणून पास करू नये हे मी तेव्हाही सांगत होतो. मेगर आजची स्थिती सांगतं, झाडाची लांबी सांगत नाही.

रबरी टोप्या: घ्या. बुशिंगवर खार, पाल, साप, कावळा यांच्यामुळे होणारे शॉर्ट त्या वाचवतात. पण टोपी आहे म्हणून हात लावायचा नाही. ती प्राण्यांसाठी आहे, माणसाला वाचवायच्या दर्जाची नाही. ब्रेकर बदलायचा असेल तर ११ केव्हीला सरळ व्हॅक्यूम घ्या. एसएफ६ वायू रोधनाला उत्तम, पण हवामान तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या वीस हजार पटींहून वाईट आहे आणि तुमच्या आकाराला त्याची गरजच नाही.

विक्रेत्याने ‘उंचीमुळे इन्सुलेशन कमी पडतं’ असंही म्हटलंय. हा नियम १००० मीटरच्या वर लागतो, त्यावर दर १०० मीटरला अंतर एक टक्का वाढवायचं. तासगाव त्याच्या बरंच खाली आहे. साताऱ्याकडे चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्यांच्या ट्रान्सफॉर्मरना तो लागतो, आणि तिथेही दोन-तीन टक्क्यांचाच मामला. त्यांना खरा त्रास धुक्याचा, आडव्या पावसाचा आणि विजांचा.

कामाचा क्रम असा ठेवा. गळीत हंगाम सुरू व्हायच्या आत परमिट घेऊन, एबी स्विच (खांबावरचा, तिन्ही फेज एकदम तोडणारा स्विच) उघडून, तिन्ही फेज अर्थ करून, परवानाधारक कंत्राटदाराकडून इन्सुलेटर आणि बुशिंग धुऊन पुसून घ्या आणि तडे बघा. त्याच बंदमध्ये ब्रीदर, वरचे जोड, गॅस्केट आणि एलएची टाकीशी जोडणी. तेलाचा नमुना दुपारी कोरड्या हवेत. जास्त क्रीपेजचे इन्सुलेटर त्याच वेळी बदलले तर पुन्हा बंद घ्यायला नको. हंगामाच्या मध्यावर, जानेवारीत, आणखी एकदा पुसणी. बीडीव्हीचा आकडा, वाइंडिंगचं मेगर रीडिंग आणि ते घेतानाचं तेलाचं तापमान एकत्र लिहून पाठवा. तापमान दर दहा अंश वाढलं की मेगरचं रीडिंग साधारण निम्मं होतं, त्यामुळे तापमानाशिवाय आलेल्या आकड्यावर मला काही सांगता येणार नाही.